खंडेनवमीचं तेल

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे. बिदरच्या मैलूर भागात, एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत मी उभा असतो. माझं वरचं झाकण उघडलंत तर जुन्या लाकडाचा वास येईल असं तुम्हाला वाटेल. तसा तो येणार नाही. करडईच्या तेलाचा येईल. तो वास माझ्या अंगाला कसा लागला, तेवढंच मला आज सांगायचं आहे.

कीर्तनात बुवा आधी पूर्वरंग आळवतात आणि मग कथेला हात घालतात. माझा पूर्वरंग लहान आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडच्या एका थंड मुलखात मला घडवलं. पाठीला पातळ फळी बसवली, पोटात पोलादी तारा ताणल्या आणि प्रत्येक पट्टीमागे लोकरीची टोपी घातलेली एक हातोडी ठेवली. तारांची वरची टोकं दोनशेच्या वर पोलादी खुंट्यांना गुंडाळली आणि त्या खुंट्या एका जाड फळीत ठोकल्या. तार खुंटीला रात्रंदिवस ओढते. फळी तिला फिरू देत नाही. तिथं खिळा नाही, डिंक नाही. कोरड्या लाकडानं पोलादाला आवळून धरलेलं असतं आणि माझा सगळा सूर त्या मिठीवर असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा.

जहाजातून आणि मग रेल्वेनं मी हैदराबादेत आलो. निजामाच्या राज्यातल्या एका अंमलदाराच्या दिवाणखान्यात माझं फार कौतुक झालं. पाहुणे यायचे, माझ्यावर गुलदस्ते ठेवायचे. मग राज्य गेलं, अंमलदार गेला आणि मी बिदरच्या एका शाळेत पोचलो. तिथं पुष्कळ वर्षं सकाळच्या प्रार्थनेला साथ दिली. पुढे प्रार्थना भोंग्यावर वाजू लागली. मला मोडक्या बाकांच्या खोलीत ढकललं आणि उंदरांनी माझ्या लोकरीत बाळंतपणं केली.

त्या खोलीतून मला विभाबाईंनी काढलं. त्या त्याच शाळेत संगीत शिकवायच्या. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ देऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल माझ्याकडे आहे. तो पियानो द्या." लोक हसले आणि त्यांनी मला देऊन टाकलं.

विभाबाई एकट्या राहायच्या. गल्लीच्या टोकाला मठ होता. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं कीर्तन उभं राहिलं की बाई खिडकी उघडायच्या आणि माझ्या अंगावर हात ठेवून ऐकत बसायच्या. मला जे काही देवाधर्माचं कळतं ते त्या खिडकीतून आलेलं आहे. झांज वाजली की माझ्या तारा आतल्या आत गुणगुणायच्या. मित्रांनो, त्या वर्षांत मला म्हातारपण जाणवलं नाही.

बाईंकडे दळण घेऊन भीमण्णा यायचे. गिरणी त्यांचीच. भुवया कायम पिठानं पांढऱ्या, गळ्यात इष्टलिंग, आणि आवाज गिरणीवर चढवायची सवय म्हणून मोठा. बिदरजवळच्या निर्णा गावात त्यांचं शेत होतं आणि तिथल्या शिवकीर्तनात ते टाळ धरायचे. एकदा ते आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन आले.

"बाई, ही शिवलीला. घरी पिठाचे डबे बडवायलीय. चंद्रम्माचं डोकं उठायलंय. काहीतरी शिकवा हिला."

"डबे बडवते म्हणजे हात आहेत," बाई म्हणाल्या. "बस गं."

ती बसली आणि सात वर्षं बसत राहिली. शिवलीलाच्या बोटांना पिठाचा मऊपणा होता. तिच्याइतकं हळुवार मला कुणी हाताळलं नाही.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हा बाईंनी ठरवलं, की हिला बंगळूरच्या एका संगीत विद्यालयात पाठवायचं. तिथं वर्षातून एकदा, डिसेंबरात, परीक्षा होई. मोजकीच मुलं घेत, आणि घेतलेल्या मुलांचं राहणं-शिकणं विद्यालयच करी. बाईंनी तिच्यासाठी एक संथ रचना निवडली. दीडशे वर्षांपूर्वी युरोपातल्या उस्तादांनी पियानोसाठी जे हळवं, उसासे टाकणारं संगीत लिहिलं, त्यातली. ऐकायला सोपी. पण तिच्यात जागोजागी एक अडचण होती. जेवढ्या वेळात डाव्या हातानं दोन सूर वाजवायचे, तेवढ्याच वेळात उजव्यानं तीन. दोन्ही सारख्या अंतरावर, कुणी कुणाला न ढकलता.

शिवलीलाला ते जमेना. डावा हात उजव्याच्या मागे लागे, नाहीतर उजवा डाव्यासाठी थांबे. ताल लंगडायला लागे.

"डावा हात उजव्याची वाट कशाला बघतोय?" बाई विचारत. "त्याला स्वतःचं घर नाही का?"

"बाई, दोन्ही हात माझेच हायत की. एकाला सांगितलं तर दुसरा ऐकायलाय."

बाईंनी माझ्या पट्ट्या झाकल्या आणि झाकणावर बोटांनी ठोकायला लावलं. सहापर्यंत मोजायचं. उजवा हात एक, तीन, पाचवर. डावा एक आणि चारवर. सोबत, उजवा, डावा, उजवा. आठ दिवस माझ्या झाकणावर नुसती ठकठक चालली. एका दुपारी भीमण्णा दळणाचा डबा घेऊन दारात उभे राहिले आणि ऐकू लागले.

"बाई, हे तर आमचं आड हाय."

"आड म्हणजे?"

"दोनाच्या जागेत तीन बसवायचे. टाळावर दोन, तोंडात तीन." त्यांनी डबा खाली ठेवला. दोन टाळ्या सारख्या देत राहिले आणि तेवढ्याच जागेत तोंडानं म्हणू लागले, शि-वा-य, शि-वा-य. टाळी आपल्या जागी, नाव आपल्या जागी. एकाचा धक्का दुसऱ्याला नाही.

विभाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग हसल्या. "आमच्याकडे गो-विं-द म्हणतात. तेही तीनच."

"मग झालं की. दोघांचा देव आडातच हाय."

त्या दिवसापासून सहाची मोजणी सुटली. शिवलीलाचा उजवा हात मनात नाव घेऊ लागला. बाई तिला सांगत, "डावा हात म्हणजे टाळकरी. उजवा म्हणजे बुवा. बुवा भावात येतील, एखाद्या शब्दावर रेंगाळतील, मग लगबगीनं पुढे जातील. टाळकऱ्यानं त्यांच्यामागे धावायचं नाही. आपल्या जागी उभं राहायचं. म्हणजे बुवांना परत यायला जागा राहते."

आषाढात एके सकाळी दोन्ही हात वेगळे झाले. दोन वाहत होते, तीन वाहत होते, आणि दोघांच्या मधून तिसरंच काहीतरी डुलत निघालं होतं. बाई तेव्हा खाटेवर होत्या. त्यांचं दुखणं वाढलं होतं आणि ते बरं होणारं नव्हतं. त्यांनी शिवलीलाला जवळ बोलावलं.

मग म्हणाल्या, "हातांना कळलं. आता कान मधे बसव. रोज प्रत्येक सूर ऐकायचा. ऐकणं सुटलं की ही नुसती कवायत आहे."

"व्हय बाई."

"आणि हा पियानो तुझा. मी गेल्यावर घरी ने. वर्षातून एकदा हैदराबादेहून करीमसाब सूर लावायला येतात, त्यांच्याशिवाय झाकणाच्या आत कुणाचा हात लागता कामा नये. पुसायचं तर वरूनच, कोरड्या फडक्यानं. घरी सगळ्यांना सांगून ठेव."

"व्हय बाई," शिवलीला रडत म्हणाली.

श्रावणात बाई गेल्या. मला टेम्पोत घालून गिरणीमागच्या खोलीत आणलं. शिवलीलाच्या आईनं, चंद्रम्मानं, माझ्यावर जुनं लुगडं पांघरलं, पीठ बसू नये म्हणून. भीमण्णांनी भिंतीला ओल आहे का ते हात लावून पाहिलं आणि मला चार बोटं पुढे ओढलं. शिवलीला रोज चार तास वाजवू लागली. दुःखात माणूस पुष्कळ गोष्टी विसरतो. बाईंनी दिलेला निरोप तिनं घरात कुणाला सांगितला नाही.

मित्रांनो, आता माझ्या कथेचा उत्तररंग.

आमच्या भागात खंडेनवमीला हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी राबवत नाहीत. भीमण्णांनी पहाटे गिरणी धुऊन पुसून घेतली. जातं, पट्टा, तराजू, विळे, मोटारसायकल, चंद्रम्माचं शिलाईचं यंत्र, सगळ्यांना विभूती लावली, झेंडू वाहिला आणि जिथं लोखंड फिरतं तिथं तेल दिलं. वर्षभर राबलेल्या यंत्राला त्या दिवशी तेल मिळालंच पाहिजे, असा त्यांच्या वडिलांचा नेम होता. तेलाच्या जोरावर त्यांची गिरणी पन्नास वर्षं चालली होती.

शिवलीला तेव्हा शेवंती आणायला बाजारात गेली होती.

भीमण्णा माझ्यापाशी आले. गिरणीचं काळं तेल त्यांनी बाहेरच ठेवलं. माझ्यासाठी देवघरातली वाटी आणली. तिच्यात निर्ण्याच्या शेतातल्या करडईचं तेल होतं, जे ते फक्त देवाच्या दिव्यात घालत. त्यांनी माझं झाकण उघडलं. आतल्या खुंट्या पाहून त्यांना वाईट वाटलं.

"अरारा. शंभर वर्षं झाली, कुणी थेंबभर तेल दिलं न्हाई रे तुला."

त्यांनी कापसाची वात बुडवली आणि पहिल्या खुंटीच्या बुडाशी टेकवली. ओठात नाव होतं. शि-वा-य. मग दुसरी. दोनशेच्या वर खुंट्या होत्या. त्यांनी एकही सोडली नाही. पाठ दुखू लागली तेव्हा सरळ झाले आणि पुन्हा वाकले. तेल खुंटीवरून ओघळलं आणि फळीत जिरलं. शंभर वर्षांची मिठी मला खुंटी-खुंटीनं सैल होताना जाणवत होती. मी ओरडलो असतो. पण पियानोला आपणहून आवाज नसतो. कुणी बोट ठेवल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

माझ्यावर त्याहून मोठं प्रेम त्याआधी कुणी केलं नव्हतं, हेही खरंच आहे.

चौथ्या दिवशी शिवलीलाला वरचे सूर उतरलेले वाटले. आठव्या दिवशी मधले. तिनं करीमसाबना फोन केला. म्हातारे करीमसाब पिशवी घेऊन बसनं आले, आपली चावी खुंटीला लावली आणि सूर वर ओढला. त्यांनी चावी काढताच खुंटी हळूच मागे फिरली. त्यांनी पुन्हा ओढली. ती पुन्हा फिरली. मग त्यांनी फळीवरून बोट फिरवलं आणि नाकाला लावलं.

"ये तेल कौन डाला जी?"

शिवलीला झाकणाजवळ वाकली. तिलाही वास आला. तो वास ती जन्मल्यापासून देवघरात घेत होती. तिचा चेहरा पीठ उडाल्यासारखा पांढरा झाला.

"बरं होतंय का, साब?"

"नईं बेटी. लकड़ी तेल पी गई. अब खूंटी पकड़ेगीच नईं. पूरी फळी बदलना पड़ता, वो काम इधर कौन करता?"

बाहेर गिरणीचा पट्टा थांबला. भीमण्णा हात पुसत आत येत होते. शिवलीलानं घाईनं करीमसाबांचा हात धरला. "साब, त्यांना सांगू नका. तुमच्या पाया पडते."

"काय म्हणायलंय आमचं बाजं?" भीमण्णांनी विचारलं.

करीमसाब चावी पिशवीत भरत राहिले. "बुढ्ढा हो गया, भीमण्णा. उमर हो गई उसकी."

"उमर? आमची गिरणी बी म्हातारीच हाय. देखभाल असली की चालतंय बघा." भीमण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्या नवमीला म्या एकेक खुंटीला तेल दिलंय. एक सोडली न्हाई. देवाच्या वाटीतलं दिलंय."

करीमसाबांनी शिवलीलाकडे पाहिलं.

"बरं केलंत, अप्पा," ती म्हणाली.

परीक्षेला सहा आठवडे उरले होते. बिदरमध्ये दुसरा पियानो तिला कुणी दाखवू शकलं नाही. शाळेतला छोटा की-बोर्ड खेळण्यासारखा हलका, पट्ट्याही अपुऱ्या. म्हणून ती माझ्यावरच बसत राहिली. माझ्या एकेका सुराच्या तीन-तीन तारा तीन दिशांना ओढत होत्या. तिनं वाजवलेली रचना माझ्या पोटात शिरून वेडीवाकडी होऊन बाहेर पडे. पहिले काही दिवस ती मधेच हात उचलून रडायची. मग तिनं एक उपाय काढला. तिनं ऐकणं बंद केलं.

मला ते कळलं, कारण तिचा स्पर्श बदलला. कधी कानात कापूस घालायची, कधी गिरणी चालू असतानाच मुद्दाम बसायची. दोनवर तीन, दोनवर तीन. हात पक्के झाले, अगदी घड्याळासारखे. टाळकरी जागेवर होता. बुवाही जागेवर होते. फक्त त्यांचं कीर्तन ऐकायला समोर कुणी बसलेलं नव्हतं. बाईंनी ज्या कानांना मधे बसायला सांगितलं होतं, त्यांना तिनं माझ्यापायी घराबाहेर काढलं.

डिसेंबरात बाप-लेक बंगळूरला गेले. भीमण्णांनी पिशवीत टाळही घेतले होते, सुरुवातीला लय धरून द्यायला लागली तर, म्हणून. परत आले त्या दुपारी शिवलीलानं चंद्रम्माला जे सांगितलं, ते मी ऐकलं.

"चांगला पियानो होता गं अव्वा. काळा, लांब. एकेक सूर असा स्वच्छ, की मी घाबरले. हात चालत होते. एकदा बी अडखळले न्हाई. झाल्यावर त्या परीक्षक बाईंनी विचारलं, तू स्वतःचं वाजवणं ऐकतेस का? म्हणाल्या, हात फार तयार हायत, पण ऐकत न्हाईस, असं वाटतंय."

"मग तू काय म्हणलीस?"

"काय म्हणू? खरंच ऐकत नव्हते."

भीमण्णा उंबऱ्यावर बसले होते. "त्या बाईला काही कळत न्हाई," ते म्हणाले. "माझी पोरगी ऐकत न्हाई म्हणे." त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता. विद्यालयानं तिला घेतलं नाही. तिनं बिदरच्या कॉलेजात नाव घातलं. बाकीच्या वेळात गिरणीवर बसू लागली. माझ्यावरचं लुगडं कुणी काढेना. त्याच्यावर पिठाचा थर बसला आणि पुढे त्या थरावर ज्वारीची दोन पोती आली.

मग पुन्हा खंडेनवमी आली. भीमण्णांनी गिरणी धुतली, पट्ट्याला विभूती लावली, तराजूला झेंडू वाहिला. मग पोती उतरवली, लुगडं झटकलं आणि माझं झाकण उघडलं. त्यांच्या हातात देवघरातली वाटी होती.

"बिचारं रुसून बसलंय वर्षभर. ह्या वर्षी दुप्पट देतो."

"नको, अप्पा."

शिवलीला धावत आली होती. तिनं दोन्ही तळवे माझ्या खुंट्यांवर पसरले, चुलीवरून उतू जाणारं दूध माणूस पदरानं धरायला जातो तसे. बस, तेवढंच.

भीमण्णा वाटी हातात धरून उभे राहिले. त्यांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग आत, फळीवरच्या काळपट डागांकडे. प्रत्येक खुंटीच्या बुडाशी एक डाग, रांगेनं, एकही न सोडता. तेलाचं सांगताच करीमसाबांनी लेकीकडे पाहिलं होतं, ते त्यांना आता आठवलं असावं. ते खाली पोत्यावर बसले.

"म्याच मारलं व्हय ह्याला."

तिनं तळवे खुंट्यांवरून उचलले.

"कामून सांगितलं न्हाईस, शिवलीला?"

"बाईंनी मला बजावलं होतं," ती म्हणाली. "आत कुणाचा हात लागू देऊ नको, घरात सगळ्यांना सांग, असं. मीच सांगायची विसरले. तुमची चूक न्हाई, अप्पा. वर्षभर रोज सांगीन म्हणायची, आणि रोज तोंड उघडंना."

वर्षभर दोघांच्या मधे मी उभा होतो. एकाला वाटत होतं लेकीचे कान कच्चे. दुसरीला वाटत होतं आपण बाईंचा शब्द मोडला. आणि मला सारं ठाऊक असून मी मुका. भीमण्णांनी वाटीतलं तेल परत नेऊन देवाच्या दिव्यात ओतलं. आले तेव्हा हातात कोरडं फडकं होतं.

"ह्याला काय लागतंय गं, खरं सांग?"

"काही न्हाई, अप्पा. कोरडं ठेवायचं. बस."

त्यांनी नुसतं वरचं लाकूड पुसलं. फार हळू, आजाऱ्याचं अंग पुसावं तसं. हा प्रश्न त्यांनी बरोबर एक वर्ष आधी विचारला असता, तर माझी खुंटी सुटली नसती आणि ती बंगळूरला असती. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं, कारण पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

मग शिवलीलानं पट्ट्यांवरचं झाकण बंद केलं आणि त्याच्यावर उजव्या हाताची बोटं टेकवली. शि-वा-य. भीमण्णांनी ऐकलं. टाळ घ्यायला ते गेले नाहीत. पोत्यावर बसून त्यांनी दोन्ही हातांनी, सावकाश, मांडीवर दोन धरले. तीन वाजत राहिले. मी एका सुरालाही लायक राहिलो नव्हतो, पण लाकूड होतो. तेवढा ठेका मला पेलता आला.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठंतरी एखादं जुनं वाद्य, एखादं यंत्र, एखादं मुकं जनावर असेल. त्याच्यावर माया करा. मायेवाचून आम्ही लवकर मरतो, बाकांच्या खोलीत मी ते अनुभवलं आहे. पण देवाच्या वाटीतलं तेल घेऊन आमच्याकडे याल, तेव्हा दारात क्षणभर थांबा. आम्हाला काय लागतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. आणि तुम्हाला ठाऊक असेल, तर घरात सांगायला उद्यावर ठेवू नका.

ते ऐका, रोजच्यासारखा गिरणीचा पट्टा सुरू झाला. आता माझ्यावर पीठ बसेल. संध्याकाळी कुणीतरी येऊन ते पुसेल, कोरड्या फडक्यानं.